शनी बघायला ये

म्हार्दोळ, फोंडा (गोवा)
शनिवार, 24 जानेवारी 2026

प्रिय सद्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. म्हणून हे पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि तेवढा वेळ तुझा राग टिकत नाही.

तर तुझ्या तक्रारीचा गोषवारा असा. ओंकारला मुलगी पसंत, मुलीला ओंकार पसंत, वहिनींना कुडाळचं ते घर पसंत. चहापोहे झाले, सोयरीक जुळत आली आणि मग पत्रिका बाहेर निघाल्या. मुलीला आठवा मंगळ. ओंकारची मीन रास, म्हणून साडेसातीची मधली अडीच वर्षं. शिवाय गुरू वक्री आणि शुक्राचा अस्त. ज्योतिषीबुवांनी ओंकारला नीलम घालायला सांगितलं आणि दोन वर्षं थांबायला. "तू दुर्बीणवाला, तूच सांग आता," असं म्हणालास, आणि मी "अरे" म्हणेपर्यंत फोन ठेवलास.

ऐक तर. ज्या चौघांनी तुझी झोप उडवलीय, त्यांतले दोघे सध्या आकाशात दिसतच नाहीत. शुक्र 6 जानेवारीला सूर्याच्या पलीकडे होता आणि मंगळ 9 तारखेला. अजूनही दोघे सूर्याच्या झगमगाटात बुडालेले आहेत. मंगळावरच्या यानांना अशा वेळी आज्ञा पाठवणंही दोनेक आठवडे बंद ठेवतात, कारण मध्ये सूर्य आला की संदेश वाटेत बिघडतो. पृथ्वीचं आणि मंगळाचं बोलणं असं बंद असताना बेळगावात तुमच्या दिवाणखान्यात मात्र तो रोज येऊन बसतो, ही मौज आहे. शुक्राचा अस्त म्हणतात तो हाच. शुक्र अस्तंगत असताना लग्नं लावू नयेत हा नियम ज्यानं केला, त्यानं निदान रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघितलेलं होतं. आपण भिंतीवरचं कॅलेंडर बघतो.

उरले गुरू आणि शनी. त्या दोघांना काल रात्री भेटून आलो.

पाच इंची दुर्बीण स्कूटरवर पायांत धरून वरच्या सड्यावर गेलो. घराभोवती कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, असल्यामुळे आमच्या वाट्याला येणारं आकाश म्हणजे पोफळींच्या शेंड्यांमधला ताटाएवढा तुकडा. सड्यावर ते सगळं मिळतं, फक्त एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे दिवे सोसावे लागतात. वसंत पंचमीची कोर होती आणि तिच्या शेजारी शनी. नुसत्या डोळ्यांना तो काही विशेष नाही, एक मंद पिवळसर ठिपका. दुर्बिणीतून शंभर पटीत तो मसुरीच्या डाळीएवढा होतो आणि रंग अगदी ताज्या लोण्याचा. यंदा त्याची कडी मिटलेली आहेत. 2025 च्या मार्चमध्ये ती आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होती, म्हणजे दिसतच नव्हती. आता कुठे उघडू लागली आहेत. काल ती लोण्याच्या गोळीतून सुई आरपार घातल्यासारखी दिसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 2 लाख 80 हजार किलोमीटर पसरलेली ही कडी, पण जाडी बहुतेक ठिकाणी आपल्या माडाच्या उंचीएवढी. आणि जवळजवळ सगळं पाण्याचं बर्फ.

आता स्तोत्रातला शनी आठव. नीलांजनासारखा, काजळासारखा निळा-काळा. त्याचं धान्य काळे उडीद, त्याचं दान तेल आणि लोखंड. आकाशातला शनी मात्र सगळ्या ग्रहांत हलका. त्याची घनता पाण्याच्या सत्तर टक्के, तेवढं मोठं तळं सापडलं तर त्यावर तरंगेल असा. लोखंड मागायचा हक्क कुणाला असलाच तर तो मंगळाला आहे. त्याच्या अंगावरची लाली म्हणजे शुद्ध गंज. दानाचा हा हिशेब कुणीतरी उलटा मांडून ठेवलाय.

पण नाव बघ. शनैश्चर, हळूहळू चालणारा. हे नाव शंभर टक्के खरं आहे. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली की एका राशीला अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून तीन राशी, झाली साडेसाती. गणित चोख आहे आणि ते दुर्बीण नसलेल्या माणसांनी, वर्षानुवर्षं आकाशाकडे बघून बसवलं आहे. जो हळू चालतो तो लंगडा असणार, म्हातारा असणार, त्याच्या राज्यात सगळं उशिरा मिळणार. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पुढचं गणित मात्र कुणी करत नाही. बारातल्या तीन राशी म्हणजे पाव हिस्सा. आज जगात आठशे कोटी माणसं धरली, तर त्यांतल्या दोनशे कोटींना या क्षणी साडेसाती आहे. त्या सगळ्यांनी लग्नं थांबवली तर भटजींनी काय खायचं?

हे मी आज थट्टेनं लिहितोय. एकदा हेच मी फार वाईट प्रकारे बोललो होतो.

तुला आठवत असेल, 2003 साली बाबांची मूत्रपिंडं गेली. त्यांची मिथुन रास आणि शनी मिथुनेत. आई दर शनिवारी मारुतीला रुईची माळ आणि तेल घेऊन जायची. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, शिवाय माझी शाळा, आणि शनिवारी मी दमून घरी आलो की ही तेलाची वाटी घेऊन निघालेली. एके दिवशी मी तिला म्हटलं, "तो तुझा शनी नुसता वायूचा गोळा आहे. तिथे उभं राहायला जमीनसुद्धा नाही. तेल कुणाच्या डोक्यावर घालतेस?" ती काही बोलली नाही. वाटीवर पान झाकलं आणि गेली. 2005 मध्ये बाबा गेले. तेल चालूच राहिलं.

पुढे 2016 च्या मे महिन्यात, ही दुर्बीण नवीन होती तेव्हा, मी तिला अंगणात खुर्चीवर बसवून शनी दाखवला. तेव्हा कडी चांगली उघडी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, एक डोळा मोतीबिंदूचा. बराच वेळ तिला काही सापडेना. मग एकदम म्हणाली, "दिसलो!" आणि मग, "पांय खंय ताचे?" लंगडा शनी ना, पाय शोधत होती. मी तिला कडी समजावली, बर्फ समजावलं, कॅसिनी नावाचं यान 2004 पासून त्याच्याभोवती फिरतंय तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा डोळा लावला. मग पदर सारखा करत म्हणाली, "हो तुजो शनी. हांव तेल घालतां तो म्हजो."

आणि पुढच्या शनिवारी वाटी घेऊन गेली.

सद्या, मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवतोय, पण हे एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. शनी दोन आहेत. एक सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटरवर, ज्याचा उजेड इथे पोचायला तास-दीड तास लागतो. दुसरा आईचा, ज्याच्यापाशी आठवड्यातून एकदा आपली काळजी नेऊन ठेवता येते. दोघांचं नाव एक, एवढंच. आईला ते ठाऊक होतं. माझी तक्रार तुझ्या ज्योतिषीबुवांबद्दल आहे, कारण ते दुसऱ्याचा भाव सांगतात आणि पावती पहिल्याच्या नावानं फाडतात.

नावांवरून एक गंमत. माझे आजोबा पोर्तुगीज लिसेवमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिकलेले. त्यांच्या हिशेबवहीत वार असे असायचे: सेगुंदा-फेइरा, तेर्सा-फेइरा, क्वार्ता-फेइरा. दुसरा, तिसरा, चौथा. सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या एका बिशपला आठवड्याला परधर्मी देवांची नावं नकोशी झाली, म्हणून पोर्तुगीजांनी वार नुसते मोजायला घेतले असं सांगतात. शनिवार आणि रविवार उरले, पण तेही एक सब्बाथचा आणि दुसरा प्रभूचा. त्यांच्या आठवड्यात एकही ग्रह नाही. आता इथलं बघ. आमची शेजारीण मारियाबाई, दर आयतारी, म्हणजे रविवारी, चर्चमध्ये मिसाला जाणारी, गुरुवारला काय म्हणते? ब्रेस्तार! म्हणजे बृहस्पतिवार. साडेचारशे वर्षांच्या राजवटीतूनही बृहस्पती तिच्या जिभेवर तसाच बसून राहिला आणि तिला त्याचा पत्ताही नाही. आयतारातला आदित्य तसाच.

वारांचा क्रम तरी असा का, याचा कधी विचार केलास? मी मुलांना वर्गात हे बोटांवर करून दाखवतो. सगळ्यांत संथ त्यापासून सगळ्यांत चपळ असे सात जण ओळीनं उभे कर: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येकाला एकेक होरा, म्हणजे एकेक तास दे. शनिवारचा पहिला तास शनीचा. सातांचे तीन फेरे झाले की एकवीस तास संपले. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास, सूर्याचा. रविवार. असंच पुढे मोज, चंद्रावर येशील. सोमवार. पोरं टाळ्या वाजवतात. ग्रहांच्या चालीचं एवढं बारीक निरीक्षण आपण रोज 'आज वार कोणता' म्हणून उच्चारतो.

आता मंगळ. याच्यावर मी जरा चिडून लिहिणार आहे, कारण यात एका मुलीचं नाव गुंतलंय.

पत्रिकेत पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं या पाच घरांत मंगळ असला की मंगळदोष. घरं एकूण बारा. बारातली पाच म्हणजे शंभरातली जवळजवळ बेचाळीस माणसं. मुलगे धर, मुली धर, सारखंच. तुझ्या वर्गात, माझ्या वर्गात, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसलेल्या पंगतीत, दर पाचांत दोघे मंगळाचे. एवढ्यांनी आपापले जोडीदार मारले असते, तर विधुर आणि विधवा यांच्याखेरीज गावात कुणी दिसलं नसतं. मग परिहार निघतात, अपवाद निघतात, आणि गंमत अशी की मुलीच्या बापाची ऐपत वाढली की अपवादही वाढतात. हे तुझ्याबद्दल लिहीत नाही. पण तू तसा वागू लागलास तर पुढच्या पत्रात लिहीन.

खरा मंगळ बिचारा पृथ्वीच्या जेमतेम निम्म्या व्यासाचा, थंड, गंजका. हवा इतकी विरळ की आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. आपण त्याला रक्ताचा, अग्नीचा, सेनापतीचा ग्रह ठरवलं ते त्या गंजाच्या रंगावरून. आणि तिथला सूर्यास्त कसा असतो ठाऊक आहे? निळा. तिथल्या बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड पडतो, यानांनी फोटो पाठवलेत. आपलं मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला श्रीहरिकोट्याहून सुटलं तो दिवसही मंगळवारच होता. ते पहिल्याच प्रयत्नात पोचलं, 24 सप्टेंबर 2014 ला कक्षेत शिरलं. कुणी शांत केली होती का, विचारून सांग.

शुक्राचं तर काय सांगावं. युरोपात ती प्रेमाची देवी, आणि आपल्याकडे दैत्यांचा गुरू, बळीच्या झारीत शिरून एक डोळा गमावलेला म्हातारा. ग्रह तोच. आपणही सुंदर बाईला शुक्राची चांदणी म्हणताना तो एकाक्ष गुरुजी सोयीनं विसरतो. प्रत्यक्षात तिथे साडेचारशे अंशांवर उष्णता, पृथ्वीच्या नव्वदपट दाब आणि गंधकाम्लाचे ढग. रशियाचं व्हेनेरा-13 यान 1982 साली तिथे उतरलं ते दोन तास सात मिनिटं टिकलं. संसारसुखाचा कारक!

गुरू वक्री आहे म्हणून तू घाबरलास. तो नोव्हेंबरपासून आहे आणि मार्चपर्यंत राहील, आणि वर्षाकाठी चारेक महिने तो असतोच. आपण दोघे कॉलेजात असताना पणजीहून जुन्या गोव्याकडे बसनं जायचो ते आठव. रायबंदरचा पाटो, म्हणजे तो लांबलचक पूल, पोर्तुगिजांनी 1634 च्या सुमारास बांधलेला, आणि डाव्या हाताला मांडवी. नदीत आपल्याच दिशेनं चाललेला खनिजाचा बार्ज असायचा. बस त्याच्या बरोबरीला आली की तो पलीकडच्या चोडणच्या खारफुटीवरून मागे मागे सरकताना दिसायचा. तू एकदा म्हणालाही होतास, "बघ, रिव्हर्स घेतोय!" बार्ज कुठेही मागे जात नव्हता, आपली बस पुढे निघत होती. पृथ्वीही अशीच आतल्या वाटेनं गुरूला ओलांडते, आणि तो आपल्याला मागे जाताना दिसतो. 10 जानेवारीला ती त्याच्या बरोबरीला होती, म्हणून तो सध्या एवढा ठळक आहे. काल मिथुनेत काय तेजाळ दिसत होता, आणि शेजारी त्याचे चार चंद्र ओळीत. वक्री म्हणून हिणवलेला ग्रह वर्षात सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत तेजस्वी असतो तो याच दिवसांत.

बरं, आता तुझ्या-माझ्या पत्रिकेतलं एक सांगतो आणि आटोपतो. आपण दोघे 1966 च्या पावसाळ्यातले. तेव्हा शनी मीनेत होता आणि गुरू मिथुनेत. आज शनी मीनेत आहे आणि गुरू मिथुनेत. योगायोग नाही. शनीच्या दोन फेऱ्या म्हणजे एकोणसाठ वर्षं, गुरूच्या पाच म्हणजे एकोणसाठ आणि थोडे महिने. दोघे मिळून जवळजवळ जिथून निघाले तिथे परत येतात. संवत्सरांची साठ नावं त्यासाठी, माणसाची साठीशांत त्यासाठी. आपण जन्मलो ते संवत्सर पराभव नावाचं होतं (तुझ्या वडिलांनी यावरून तुला किती छळलंय!), आणि येत्या 19 मार्चला, पाडव्याला, तेच पुन्हा लागतंय. त्या 1966 सालीसुद्धा शनीची कडी अशीच मिटलेली होती. काल सड्यावर ते लक्षात आलं तेव्हा मी दुर्बिणीपासून डोळा काढला आणि जरा वेळ नुसताच उभा राहिलो. कुत्री भुंकत होती, दंवानं भिंग धुरकटलं होतं. पुसायला रुमाल शोधला तर तो घरी राहिलेला.

माझी साठीशांत करायची असं हिचं म्हणणं आहे. मी हो म्हटलंय. नऊ धान्यांच्या नऊ राशी मांडताना मी भटजींच्या शेजारी बसणार आणि उडदावर आईच्या वाटीनं तेल घालणार. शनीचा राग घालवायला म्हणून नव्हे, हे तुला वेगळं सांगायला नको.

राहिला नीलम. रसायनशास्त्रात तू माझ्यापेक्षा हुशार होतास, म्हणून फक्त आठवण करून देतो. नीलम म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, लोह आणि टायटॅनियमच्या अंशानं निळं झालेलं. आणि माणिक? तेही कुरुंदच, क्रोमियमच्या अंशानं लाल झालेलं. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. पुराणात या बापलेकांचं एकमेकांशी पटत नाही, एकाची अंगठी असली तर दुसऱ्याची घालू नये म्हणतात, आणि दगड बघावा तर दोघांचा एकच. तू आणि ओंकार सध्या एकमेकांशी बोलत नाही, असं वहिनींनी हिला सांगितलं. तेव्हा हे लिहिलं.

तर असं कर. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दोन दिवस काढून या. ओंकारला आण, वहिनींना आण, आणि त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांनाही बोलवा. कुडाळहून आमचं घर काही लांब नाही. हिनं नुस्त्याचा, म्हणजे माशांचा, बेत आताच ठरवून ठेवलाय, फक्त सोमवार नको म्हणते. सध्या शनी दहाच्या सुमारास मावळतो, पुढे रोज लवकर लवकर जाईल आणि मार्चमध्ये सूर्याच्या उजेडात बुडेल. त्यामुळे जेवण नंतर, आधी सडा. मुलगा आणि मुलगी दोघांनी ओळीनं डोळा लावू देत. तू तिसरा. आणि माकडटोपी आण, दंव फार पडतं.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद

ता. क. नीलमाचे पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असलेस तर अंगठी घेऊन ये, उजेडात धरून बघू तरी.